दुपारी उघडणारं छप्पर

वसईजवळच्या गिरीज गावातल्या बॅप्टिस्ट मच्याडोचा दोन गोष्टींवर पूर्ण विश्वास होता. एक देवावर आणि दुसरा खोबरेल तेलावर. देवाबद्दल तो अधूनमधून तक्रार करी, तेलाबद्दल कधीच नाही. घरच्या माडांचे नारळ, अंगणात वाळवलेलं खोबरं, आणि घाण्यावर स्वतः उभं राहून काढून आणलेलं तेल. दार कुरकुरलं, लाव तेल. शिवणयंत्र अडलं, लाव तेल. म्हशीची शिंगं, पोरांची डोकी, स्वतःचे गुडघे, कुलपं, कात्र्या, सगळ्यांना एकच औषध. एकदा भिंतीवरच्या घड्याळात त्यानं दोन थेंब सोडले. घड्याळ पुढे चाललं नाही. पण बॅप्टिस्टचं म्हणणं असं, की तेल नसतं तर ते त्याच्याही आधी बंद पडलं असतं. आता अशा माणसाशी कोण वाद घालणार!

बाकी माणूस सरळ. केळीची आणि पानाची वाडी, त्यात तो आणि त्याची बायको क्लेमेंटीन. खालचा फणा सडका आणि वरचा टवटवीत, असलं केळ्यांचं लोंगर त्यानं जन्मात बाजारात पाठवलं नाही. त्याच्या या सरळपणाचा क्लेमेंटीनला अभिमान होता आणि वैतागही होता. दिवसावर अवलंबून.

अशा या घरात गाडी आली ती एकोणऐंशी साली. मुलगा एडवर्ड बहारीनला नोकरीला होता. पहिल्या रजेवर आला आणि मुंबईत कुणा जर्मन साहेबाची गाडी घेऊन बसला. साहेब मायदेशी परत चालला होता, गाडी काही बरोबर नेणार नव्हता. गाडी निळी, लांबलचक, आणि तिच्या छपरालाच खिडकी. म्हणजे छपरात पत्र्याचा एक चौकोन. बटण दाबलं की तो गुरगुरत मागे सरकायचा आणि आत बसलेल्याला आभाळ दिसायचं. गावाला याचा उपयोग काही कळेना.

"लोक कौलं फुटली म्हणून रडतात," शेजारचा बर्नार्ड म्हणाला, "आणि तुझ्या पोरानं पैसे मोजून छपराला भोक घेतलं."

बर्नार्ड भाजीचा टेम्पो चालवायचा, त्यामुळे गाडी या विषयावर गावात त्याचा शब्द शेवटचा.

रजा संपली. एडवर्डनं जाताना किल्ली बापाच्या हातात ठेवली आणि बजावलं, "पप्पा, गाडीच्या बाकी कशाला हात लावू नका. इंजिनाचं बर्नार्डकाका बघतील. तुम्ही फक्त दर रविवारी हे छप्पर एकदा उघडायचं आणि बंद करायचं. पडून राहिलं की अडकतं ते."

झालं! गाडी चालवता येत नाही याचं बॅप्टिस्टला काही वाटत नव्हतं, पण छप्पर त्याच्या हवाली केलं होतं. रविवारी चर्चमधल्या पहिल्या मिस्साहून आला की कपडे बदलायच्या आधी बादली. चिकूच्या झाडाखाली उभी असलेली गाडी तो पुसून काढायचा. मग आत बसायचा, तोही बाजूच्या सीटवर. ड्रायव्हरची जागा एडवर्डची. किल्ली अर्धी फिरवायची, बटण दाबायचं, छप्पर उघडायचं. वर चिकूच्या फांद्या आणि मधे थोडं आभाळ. मग एडवर्डसाठी एक नमो मारियाची प्रार्थना, आणि ती झाली की एडवर्डशी गप्पा. मोठ्यानं, बरं का. "यंदा पानाला उठाव नाही रे. तुझ्या आईचे पाय सुजलेत. ती तुला कळवायची नाही, म्हणून मी सांगतो." क्लेमेंटीनला स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं. तिनं त्याला एकदाही हटकलं नाही. सहा वर्षांत एडवर्ड तीनच वेळा घरी आला होता, त्यामुळे तिलाही कुणीतरी त्याच्याशी बोलतंय हे बरं वाटायचं.

पंच्याऐंशीचा पावसाळा सरला आणि छप्पर कुरकुरायला लागलं. बॅप्टिस्टनं काय केलं असेल? हे काय विचारायचं झालं! कोंबडीचं पीस घेतलं, वाटीत तेल घेतलं आणि छपराच्या दोन्ही बाजूंच्या पन्हळी भरभरून माखल्या. छपराला ओढणारी जाड तार जिथून आत जाते, त्या भोकात चमच्या-चमच्यानं तेल सोडलं. ऑक्टोबरचा उकाडा होता. छप्पर लोण्यासारखं सरकलं.

"बघितलंस?" त्यानं क्लेमेंटीनला हाक मारून विचारलं.

"काय बघू?"

"आवाज."

"आवाज तर येत नाही."

"तेच."

मग डिसेंबर लागला. पहाटे मिस्साला जाताना बायका शाल घ्यायला लागल्या. एका रविवारी बॅप्टिस्टनं बटण दाबलं, तर आत मोटर गुरगुरली आणि छप्पर जागचं हललं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. एरवी छप्पर उघडल्यावर म्हणायची नमो मारिया त्यानं त्या दिवशी आधी म्हटली. तरी नाही. मग बंद छपराखाली बसून एडवर्डशी बोलायचा प्रयत्न केला, पण काही सुचेना. उठून आत आला आणि जेवलाही नाही.

त्याच आठवड्यात बहारीनहून सुटीवर आलेला एक जण साबणाच्या वड्या आणि निरोप घेऊन आला. एडवर्ड नाताळला येतोय. त्याचं कॅनडाचं जमलंय, तिकडे कायमचं. जायच्या आधी गाडी विकून टाकणार, पार्ल्याचं गिऱ्हाईकसुद्धा ठरलंय. निरोप्या चहा पिऊन गेला. बॅप्टिस्ट ओट्यावर बसून राहिला.

"विकणार म्हणजे?" तो म्हणाला. "गाडी आहे म्हणून तो येतो. आला की आधी गाडी बघतो, मग आपल्याला. गाडी गेली की इथे त्याचं काय राहिलं? आपण दोघं. आपलं काय, पत्रावर भागतं."

क्लेमेंटीनला रडू आलं होतं आणि चुलीवर भात होता, म्हणून ती आत गेली.

बॅप्टिस्टनं मात्र मनाशी हिशेब मांडला. एडवर्ड येईल, गाडी चकचकीत बघेल, बटण दाबेल, छप्पर झोकात उघडेल आणि पोरगा म्हणेल, जाऊ दे, असली गाडी कोण विकतो! म्हणजे आता सगळं त्या छपरावर. ते सुरू व्हायलाच पाहिजे.

बर्नार्ड सकाळी भाजीच्या फेरीत अडकलेला असायचा. तो मोकळा झाल्यावर, भर दुपारी, दोघांनी गाडी सातिवलीला काढली. फाटकावर मालगाडीसाठी बराच वेळ उन्हात उभे राहिले. सातिवलीला रामनाथचं गॅरेज होतं. मूळ चांदीपचा माणूस. ट्रकपासून भात कांडायच्या गिरणीपर्यंत सगळं उघडून बसवायचा. त्यानं हात पुसले, आत वाकून बटण दाबलं. छप्पर सुर्रकन उघडलं.

"काय झालंय, काका?" रामनाथनं विचारलं.

"उघडत नाही," बॅप्टिस्ट म्हणाला.

तिघांनी वर पाहिलं. आभाळ अगदी स्वच्छ होतं.

रामनाथनं सात-आठ वेळा छप्पर उघडलं, बंद केलं. पन्हळीतून बोट फिरवलं. "तेलपाणी मस्त ठेवलंय, काका," असं कौतुकही केलं. खोबरेलाचा वास त्यालाही आला होता, पण बॅप्टिस्ट शेजारी उभा होता. त्या माणसाचं डोकं, हात, गुडघे सगळं त्याच वासाचं. गाडीचा वास वेगळा कसा ओळखणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी छप्पर घट्ट. दुपारी पुन्हा सातिवली. छप्पर उघडलं.

"दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरतो ना, तसंच," बर्नार्ड म्हणाला.

रामनाथ मात्र हसला नाही, चांगला माणूस होता. त्यानं फ्यूज बदलला, बटण खोलून आतल्या पितळी पट्ट्या घासल्या. आतल्या दिव्याशेजारचं झाकण काढून मोटर बघितली आणि समजावून सांगितलं, "काका, मोटर फिरते पण छप्पर हलत नाही असं तुम्ही म्हणता ना? मोटर आणि तार यांच्यामध्ये एक चकती असते. छप्पर कशात अडकलं तर ती घसरते, म्हणजे मोटर जळत नाही. याचा अर्थ मोटर चांगली आहे, चकती तिचं काम करतेय. छपराला कुणीतरी धरून ठेवतंय."

"कोण?"

"ते धरेल तेव्हा कळेल. माझ्यासमोर तर सोडतंय." मग त्यानं मोटरजवळची खाच दाखवली. तिथे एक वाकडी किल्ली घालून छप्पर हातानं फिरवता येतं. "उद्या सकाळी फिरवून बघा, जड लागतं का."

सकाळी बॅप्टिस्टनं किल्ली घालून जोर लावला. मनगट दुखेपर्यंत फिरवल्यावर छप्पर बोटभर सरकलं आणि थांबलं. जुन्या विहिरीवरचा रहाट बरा, निदान त्याला म्हैस जुंपता यायची. गाडीला या घरात राहायचंच नाही, अशी त्याची आता खात्री पटली. तो ओट्यावर आला आणि कपाळाला हात लावून बसला.

शेजारी क्लेमेंटीन केस मोकळे सोडून उन्हाची वाट बघत होती. तेलाची बाटली तिनं ओट्याच्या कडेला, जिथे पहिलं ऊन पडतं तिथे ठेवली होती. आत तेल चुन्यासारखं पांढरं, घट्ट. थंडीत वसईतली कुठली बाई असं करत नाही? तेल विरघळेपर्यंत वेणी नाही.

"सकाळी दगड," बॅप्टिस्ट स्वतःशीच बोलत होता, "दुपारी पाणी. सकाळी दगड, दुपारी पाणी."

क्लेमेंटीननं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बाटलीकडे.

"अहो, त्या छपराला काय लावलंय तुम्ही?"

"काय म्हणजे? तेल."

"कुठलं?"

"कुठलं म्हणजे? आपलंच!"

क्लेमेंटीननं बाटली उचलली, उलटी केली आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरली. थेंब पडला नाही.

बॅप्टिस्टनं बराच वेळ त्या बाटलीकडे पाहिलं. आपल्या माणसानं दगा द्यावा तसा त्याचा चेहरा झाला. मग उठला, बर्नार्डच्या टेम्पोतून सातिवलीला गेला आणि रामनाथला सगळं सांगितलं. रामनाथनं आधी तोंड फिरवून पोटभर हसून घेतलं. मग इलाज सांगितला. पन्हळी रॉकेलनं धुवायच्या, तार बाहेर ओढून पुसायची, भोकातलं तेल कापडाच्या वातीनं टिपायचं आणि हे वंगण बोटानं लावायचं. त्यानं वंगणाचा छोटा डबा दिला आणि वर म्हणाला, "खोबरेल डोक्याला, काका. डोक्यालाच."

डबा घेऊन बॅप्टिस्ट आनंदानं घरी आला. "झालं काम!" तो म्हणाला. "आता छप्पर कसं पळतं बघ. पोरगा बघून खूश होईल, आणि विकायचं नाव काढणार नाही."

"तुम्ही पण ना!" क्लेमेंटीन म्हणाली. "पार्ल्याचा माणूस काय बघायला येतोय? चालणारी गाडी. छप्पर चाललं की तो त्याच दिवशी घेऊन जाईल. बिघडलेली गाडी कोण घेतो? ती इथेच राहते."

बॅप्टिस्टच्या हातात डबा तसाच राहिला. इतके दिवस सातिवलीच्या खेपा घालून आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होतो, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. त्यानं डबा फळीवर ठेवला. पुढे चार-पाच दिवस तो डब्याकडे न बघता त्याच्यासमोरून जात होता. नाताळच्या आधीच्या कुमसाराला, म्हणजे पापं सांगायला, चर्चमध्ये गेला तेव्हा बाहेर फादर भेटले.

"फादर, एखादी वस्तू दुरुस्त करता येते, पण केली नाही, तर पाप लागतं का?"

"परवडत नसेल तर कसलं पाप?" फादर म्हणाले.

बॅप्टिस्टनं जेवढं हवं होतं तेवढंच ऐकलं आणि घरी आला.

एडवर्ड आला. थोडा जाड झाला होता, केस मागे गेले होते. गाडीभोवती एक चक्कर मारली, बापाला मिठी मारली, आईसाठी आणलेली शाल काढली. छपराचं विचारायला त्याला सवड झाली नाही. नाताळ गोड झाला. रात्रीच्या मिस्साला बॅप्टिस्ट मुलाच्या शेजारी उभा राहिला आणि गाणी गाताना त्याचा आवाज दोनदा फुटला.

नाताळ झाल्यावर पार्ल्याचे गृहस्थ आले, तेही सकाळी सकाळी. त्यांना दुपारच्या आत परतायचं होतं. इंजिन ऐकलं, टायर दाबून बघितले, खाली वाकले, सगळं पसंत. मग बटण दाबलं. मोटर गुरगुरली. छप्पर हललं नाही.

"हे काय?" गृहस्थ म्हणाले.

एडवर्डनं बापाकडे पाहिलं. बापानं चिकूच्या झाडाकडे पाहिलं. क्लेमेंटीन दारात उभी राहून श्वास रोखून बघत होती.

गृहस्थांनी आणखी दोनदा बटण दाबलं आणि बाहेर आले. "नको बुवा," ते म्हणाले. "यंत्र गंजलेलं दिसतंय. खेड्यात पडून राहिली की गाडीचं असंच होतं. निगाच राखलेली नाही कुणी."

इथवर सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. माणूस परत निघाला होता, त्याचा एक पाय फाटकाबाहेर पडला होता. बॅप्टिस्टनं फक्त गप्प राहायचं होतं. पण निगा राखली नाही? सहा वर्षं दर रविवारी बादली घेऊन वाकलेल्या माणसाला हे ऐकवायचं?

"कोण म्हणतो निगा राखली नाही?" बॅप्टिस्ट गरजला. "अहो, थांबा! गंजलंय म्हणे! गंजाचा एक ठिपका दाखवा! सहा वर्षांत एक रविवार चुकला नाही माझा. अंगात ताप असताना पुसलीय मी ही गाडी. यंत्राला काही झालेलं नाही. मी खोबरेल लावलं, ते थंडीत गोठलंय, बस्स! ऊन येऊ दे, मग बघा कसं उघडतं!"

"घ्या!" क्लेमेंटीन दारातून म्हणाली आणि कपाळावर हात मारून आत गेली.

मग सगळ्यांनी मिळून गाडी ढकलत चिकूखालून उन्हात आणली. ढकलायला गृहस्थही होते. उन्हं चढेपर्यंत चहा झाला, केक झाला. मग बॅप्टिस्टनं स्वतः बटण दाबलं. छप्पर सुर्रकन मागे गेलं.

"वा!" गृहस्थ म्हणाले. "काका, असा सांभाळणारा माणूस शोधून मिळणार नाही. गाडी मी घेतली." एडवर्डच्या हातात हात देऊन सौदा पक्का करून ते पुन्हा केक खायला आत गेले.

बॅप्टिस्ट जरा वेळ गाडीत बसून राहिला. मग घरात गेला, फळीवरचा डबा, रॉकेल आणि जुनी चादर घेऊन आला. गोठणारं छप्पर गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं नाही. सीटवर उभा राहून तो पन्हळी धुवायला लागला. छपराच्या चौकोनातून छातीपर्यंत बाहेर, हात काळे, नाकाला रॉकेल. एडवर्डनं डबा उचलून पाहिला. झाकणाचं सीलही फोडलेलं नव्हतं.

"पप्पा, हे घरात होतं?"

"हो."

"मग आधीच का नाही लावलंत?"

"लावलं असतं तर गाडी गेली असती."

"आता गेलीच की."

"गेली," बॅप्टिस्ट म्हणाला. "माझ्या तोंडाला कुलूप नाही, म्हणून गेली."

एडवर्डला काही कळेना. तो हसत म्हणाला, "पण बरं झालं ना, पप्पा? तुमची कटकट संपली. दर रविवारी पुसापुशी."

बॅप्टिस्टचे हात थांबले. "कटकट नव्हती रे ती," तो म्हणाला. छपरातून बाहेर असल्यामुळे त्याला तोंड लपवायलाही जागा नव्हती. "तुझ्याशी बोलायचो मी इथे बसून. दर रविवारी. सगळं सांगायचो, पाऊस, वाडी, आईचे पाय. आता तू तिकडे बर्फात जाणार, आणि मी रविवारी कुठे जाऊन बसू, सांग."

एडवर्ड डबा हातात धरून उभा राहिला. मग त्यानं डबा टपावर ठेवला आणि बापाचा रॉकेलनं माखलेला हात धरला.

"मी फोन करीन, पप्पा. दर रविवारी."

"आपल्याकडे कुठे फोन आहे?"

"फादरच्या बंगल्यावर आहे ना? तिथे करीन. मी फादरना सांगून जातो. मिस्सा झाला की तुम्ही तिथे थांबायचं."

बॅप्टिस्टनं चादरीच्या टोकानं डोळे पुसले. तोंडावर काळं लागलं ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

"पहिल्या मिस्सानंतर थांबू," त्यानं विचारलं, "की दुसऱ्या?"